प्रश्नांची देवघेव

सांगलीच्या गणपती पेठेतील एका जुन्या अडत दुकानाच्या माडीवर दर शनिवारी रात्री, दुकाने वाढवून झाल्यावर, पाच मित्र जमतात. पाचही जण चाळिशीच्या आसपासचे आणि शाळेत एकाच वर्गात शिकलेले. एकाची पिढीजात हळद-गुळाची अडत, दुसऱ्याचे कापडाचे दुकान, तिसऱ्याचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे, चौथ्याचे औषधांचे. पाचवा कर सल्लागार असून उरलेल्या चौघांचे हिशेब त्याच्याच कार्यालयातून तपासून निघतात. माडीवर पत्त्यांचा डाव नसतो, आणि राजकारणाचा विषय निघालाच तर तो पहिल्या पाच मिनिटांत मिटतो. तेथे चालते ती प्रश्नांची देवघेव, आणि प्रश्न असतात व्हिडिओ गेमविषयीचे.

व्यवहाराची रीत ठरलेली आहे. प्रत्येकाने घरून दोन प्रश्न तयार करून आणायचे. ज्याला उत्तर येईल त्याच्या खात्यावर एक गुण जमा; कोणालाच न आल्यास तो गुण विचारणाऱ्याचा. हिशेब एका लाल बांधणीच्या वहीत लिहिला जातो, तोही पेढीवरच्या खतावणीच्या धर्तीवर, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. रात्रीअखेर ज्याचे खाते तळाला असेल त्याने पुढच्या शनिवारी बिनलसणाच्या भडंगाचा पुडा आणायचा. दंड एवढाच. पण पुडा आणण्याची पाळी आलेल्या गृहस्थाचा चेहरा पाहिला, तर दंडाची रक्कम आणि दंडाचे दुःख यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो हे ध्यानात येते.

हा नाद लागला तो लहानपणी. नव्वदीच्या दशकात जपानी यंत्रांच्या नकला असलेले स्वस्त टीव्ही गेम घरोघरी आले. त्यांच्यासोबत येणाऱ्या कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असे ठळक छापलेले असे, आणि आत पंधरा-वीसच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. मालाच्या वेष्टनावर विश्वास ठेवू नये, हा व्यापारातला पहिला धडा त्या पिढीला पुष्कळदा तेथेच मिळाला. त्याच कॅसेटींनी ‘कॉन्ट्रा’ हा खेळ आणि त्यात तीस जीव मिळवून देणारा बटणांचा गुप्त क्रम गल्लोगल्ली पोहोचवला. वर दोनदा, खाली दोनदा, डावे-उजवे, पुन्हा डावे-उजवे, मग बी आणि ए. हा क्रम कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ या खेळाच्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीसाठी बसवला होता. खेळ इतका अवघड होता की चाचणी घेताना त्यांना स्वतःलाच तो पार होईना, म्हणून ही सोय. लाल वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि त्याला पाचांपैकी चौघांनी एकदम उत्तर दिल्याने गुण कोणालाच मिळाला नाही, अशी टीपही पुढे आहे.

वडीलधाऱ्यांना हा प्रकार पोरखेळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वही चाळली तर त्यातील बरेच प्रश्न खेळापेक्षा व्यापाराचेच अधिक आहेत. निन्टेन्डो ही कंपनी कोणत्या साली स्थापन झाली, या प्रश्नावर नवखा माणूस १९७० च्या आसपासचे साल सांगतो. खरे उत्तर १८८९. क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी फुलांची चित्रे असलेले हातबनावटीचे पत्ते विकण्यासाठी ती पेढी काढली. अटारी ही कंपनी अमेरिकेची, पण तिचे नाव जपानी. ‘गो’ या पटावरील खेळात सोंगटी मारली जाण्याच्या बेतात असली की उच्चारला जाणारा तो शब्द. याउलट सेगा कंपनी जपानची, आणि तिचे नाव ‘सर्व्हिस गेम्स’ या दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून आलेले. हे दोन प्रश्न एकापाठोपाठ विचारले की दुसऱ्याचे उत्तर हटकून चुकते, असा माडीवरचा अनुभव.

या वहीतील सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र पडून राहिलेल्या मालाचा आहे. निन्टेन्डोच्या अमेरिकेतील शाखेची धुरा मिनोरू अराकावा यांच्याकडे होती. ते मुख्य कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचे जावई. अराकावांनी ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे जपानहून मागवली. माल समुद्रमार्गे पोहोचेपर्यंत काही महिने गेले, तोवर गिऱ्हाइकांचा उत्साह ओसरला, आणि जेमतेम एक हजार यंत्रे खपून दोन हजार गोदामात पडून राहिली. सासऱ्याच्या पैशावर जावयाने केलेली एवढी मोठी खरेदी अंगावर येणे म्हणजे काय, हे गणपती पेठेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तो माल भंगारात न काढता यंत्रांचा सांगाडा तोच ठेवून आत नवा खेळ बसवायचे ठरले, आणि काम सोपवले गेले ते शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे. त्यातून १९८१ साली ‘डाँकी काँग’ जन्मला. त्यातील टोपीवाला नायक पुढे मारिओ या नावाने जगभर गेला. ते नाव आले शाखेच्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून. पडीक मालातून आणि गोदामाच्या मालकाच्या नावातून एवढी मोठी मिळकत निघाल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

मारिओचा मूळ धंदा कोणता, हा त्याला जोडून येणारा पोटप्रश्न. नळ दुरुस्त करणारा, असे सगळे म्हणतात. पहिल्या खेळात तो सुतार होता. नळांचे काम त्याने १९८३ पासून घेतले. आणि १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील झुडपे आणि ढग नीट पाहावेत. आकृती एकच, रंग तेवढा निराळा. यंत्राची स्मरणशक्ती तुटपुंजी असल्याने एकाच साच्यातून दोन वस्तू काढल्या होत्या. हा प्रश्न आणणाऱ्या कापड दुकानदाराने तो सांगताना ‘एकाच ताग्यातून शर्टही आणि अस्तरही’ अशी मल्लिनाथी केली होती, ती वहीत तशीच उतरवलेली आहे.

अशी काही वर्षे सुखात गेल्यावर, एका फेब्रुवारीत, नाण्यांचा प्रश्न आला आणि माडी जवळजवळ मोडली.

प्रश्न भांड्यांच्या दुकानदाराचा होता. एका व्हिडिओ गेममुळे एका देशात विशिष्ट नाण्याची टंचाई निर्माण झाली आणि सरकारला ती नाणी जादा पाडावी लागली. देश, खेळ आणि नाणे सांगा. उत्तर कोणालाच आले नाही. त्याने विजयाने सांगितले, की देश जपान, खेळ १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, नाणे शंभर येनचे. गुण त्याच्या खात्यावर जाणार, तोच कर सल्लागाराने हरकत घेतली. याला आधार काय? भांडेवाल्याने सांगितले, की छापील पुस्तकात वाचले आहे. पुस्तक कोणते, पान कोणते, हे त्या क्षणी आठवेना. शब्दाला शब्द वाढला आणि सल्लागार बोलून गेला, “असल्या बोगस नोंदी तू रिटर्नमध्ये घालायला सांगतोस तेव्हा मी काढून टाकतो. इथं तरी नको.”

चेष्टा असेल, पण ती चौघांदेखत झाली, आणि ज्याच्या हाती आपल्या धंद्याचे सारे कागद आहेत अशा माणसाच्या तोंडून झाली. भांडेवाला काही न बोलता जिना उतरला. सोमवारी सकाळी त्याच्या दुकानातला नोकर सल्लागाराच्या कार्यालयात जाऊन उभा राहिला. मालकांनी सगळ्या फायली परत मागितल्या होत्या. मार्चअखेर तोंडावर आलेली. तीस वर्षांच्या मैत्रीत हिशेबाचे कागद परत मागण्याची वेळ आली, ती एका परदेशी नाण्यापायी. पुढचे दोन शनिवार भांडेवाला माडीवर आला नाही.

अडत दुकानदाराचे वडील, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, ऐंशीच्या घरातले. व्हिडिओ गेमचा रिमोट त्यांनी आयुष्यात हाती धरलेला नाही. मुलाकडून फायलींची हकीकत कळली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भांडणाविषयी नव्हे, यंत्राविषयी. “त्या यंत्रात टाकलेलं नाणं जातं कुठं?”

“आत पेटी असते, अण्णा. त्यात.”

“आणि पेटीची किल्ली कुणाकडं?”

“मालकाकडं.”

“मग मालक ते नाणं किती दिवस पेटीत ठेवील? आपल्या गल्ल्यातली चिल्लर आपण ठेवतो काय महिनाभर? संध्याकाळी मोजायची, थैलीत भरायची, सकाळी बँकेत. बँक ती दुसऱ्याला देणार. नाणं यंत्रात पडलं म्हणजे काय जळून गेलं नाही.”

अण्णांनी दोन मिनिटांत जे सांगितले, ते या कथेची पुनरुक्ती करणाऱ्या अनेक लेखकांच्या लक्षात आलेले नाही. चलनातील नाण्याची टंचाई दोनच तऱ्हांनी येते. एक तर टांकसाळीतून नाणी गरजेपेक्षा कमी निघतात, किंवा निघालेली नाणी कोठेतरी अडून बसतात. कोणी घरात साठवतो, कोणी धातूच्या किमतीसाठी वितळवतो. आपल्याकडे दुकानदार सुट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवत असत, त्या काळाच्या आठवणी फार जुन्या नाहीत. खेळाच्या यंत्रात नाणे अडते ते पेटी उघडेपर्यंतच, आणि पेटी वेळेवर उघडण्यातच यंत्रमालकाचा फायदा असतो. किंबहुना अशी यंत्रे नाण्यांना घरातल्या डब्यांतून बाहेर काढून बँकेपर्यंत पोहोचवतात. एखाद्या गल्लीत चार दिवस शंभर येनची मोड मिळाली नसेल, हे अशक्य नाही. देशभर टंचाई ही गोष्ट निराळी.

औषध दुकानदाराला नाणी जमवण्याचा छंद आहे. नाणेसंग्राहकांच्या सूचीग्रंथांत कोणत्या वर्षी किती नाणी पाडली याचे आकडे छापलेले असतात, हे त्याला आठवले. १९७७ मध्ये जपानने शंभर येनची सुमारे ४४ कोटी नाणी पाडली होती. ज्या वर्षी हा खेळ आला त्या १९७८ मध्ये ती संख्या सुमारे २९ कोटींवर आली, आणि १९७९ मध्ये ३८ कोटींच्या आसपास होती. म्हणजे खेळाचा ज्वर ऐन भरात असताना नाणी वाढली नव्हती, आधीच्या वर्षापेक्षा कमीच पडली होती. १९८० मध्ये ती बरीच वाढली खरी, आणि एखाद्या हुशार वकिलाने त्यावर दावा उभा केलाही असता. पण तहान लागली तेव्हा पाणी कमी केले आणि नंतर वाढवले, असा पुरावा टंचाईच्या बाजूने फारसा उभा राहत नाही.

तेव्हा भांडेवाल्याचा प्रश्न चूक ठरला. परंतु सल्लागाराचा आरोपही खरा ठरला नाही, आणि अण्णांचा सारा रोख या दुसऱ्या गोष्टीवर होता. टंचाईची ही गोष्ट वर्षानुवर्षे पुस्तकांत आणि नियतकालिकांत छापून येत आहे. भांडेवाल्याने ती रचली नव्हती. सल्लागाराला बोलावून अण्णा म्हणाले, “खोटी नोट छापणारा वेगळा आणि हातात आलेली नोट पुढं देणारा वेगळा. बँकेतला कॅशियरसुद्धा दोघांना एका मापानं मोजत नाही. तू मोजलास.” सल्लागार त्याच संध्याकाळी फायलींचा गठ्ठा स्वतः उचलून भांड्यांच्या दुकानात गेला. तेथे काय बोलणे झाले ते दोघांनीही सांगितलेले नाही. फायली त्याच्याबरोबरच परत आल्या, एवढे पेठेने पाहिले.

अण्णांची आणखी एक सूचना होती. एक नोट खोटी निघाली म्हणजे थैलीतल्या बाकीच्याही उजेडात धरून पाहायला हव्यात. मार्चअखेरच्या धामधुमीनंतर लाल वहीची पहिल्या पानापासून तपासणी सुरू झाली. तिच्यात जे निघाले ते पाहता भांडेवाल्याला एकट्याला आरोपी करणे किती अन्यायाचे होते ते उघड झाले.

पहिला तडाखा बसला खुद्द सल्लागाराला. त्याचा सर्वांत लाडका प्रश्न महात्मा गांधींविषयीचा होता. सिड मायर यांच्या १९९१ सालच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात निरनिराळ्या राष्ट्रांचे नेते असतात, त्यांत भारताचे गांधीजी. सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी, की नेत्यांच्या आक्रमकतेला आकडे दिलेले होते आणि गांधीजींचा आकडा सर्वांत कमी, म्हणजे एक होता. खेळात भारताने लोकशाही स्वीकारली की त्यातून दोन वजा होत. संगणकाच्या त्या घरात शून्य ते २५५ एवढेच आकडे मावत असल्याने उणे एक होण्याऐवजी आकडा उलटून २५५ होई, आणि अहिंसेचे पुजारी अणुबाँब टाकत सुटत. कथा ऐकायला इतकी चोख आहे की तिच्यावर शंका घेण्याचे पाप कोणी केले नाही. हिशेबाची जाण असलेल्यांना तर ती विशेष भावते, कारण वजाबाकीत घसरलेला एक हातचा अख्खा ताळेबंद कसा उलटा करतो हे त्यांनी पाहिलेले असते. मात्र मायर यांनीच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितले, की अशी चूक मूळ खेळात कधीच नव्हती. खेळातला भारत विज्ञानात लवकर पुढे जाई, त्यामुळे त्याच्या हाती अण्वस्त्रेही लवकर येत, आणि मग इतर कोणत्याही नेत्याप्रमाणे गांधीजींच्या तोंडीही धमकीचे ठरावीक वाक्य येई. ते गांधीजींच्या तोंडी असल्याने लक्षात राहिले, एवढेच. आकडा उलटण्याची कथा पसरली ती २०१२ नंतर. त्याआधी २०१० मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधीजींची अण्वस्त्रांची आवड मुद्दाम, गंमत म्हणून, कमाल ठेवली होती. खऱ्या गमतीने जुन्या खोट्या कथेला आधार मिळाला. सल्लागाराने या प्रश्नावर मिळवलेला गुण स्वतःच्या हाताने खोडला, आणि भांडेवाल्याने त्या वेळी एक शब्दही काढला नाही. असे न बोलणे सर्वांना जमत नाही.

‘पॅक-मॅन’ची कथा अर्धीच टिकली. एक तुकडा काढलेल्या पिझ्झावरून ती आकृती सुचली, असे तिचे जनक तोरू इवातानी यांच्या नावाने सांगतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत त्यांनीच हे अर्धे खरे असल्याचे म्हटले आहे. ‘तोंड’ या अर्थाचे जपानी अक्षर चौकोनी असते, त्याला गोलाई देण्याचा विचारही त्यामागे होता. वहीत या नोंदीपुढे ‘अर्धा गुण’ असे लिहिले गेले.

‘पहिला’ हा शब्द असलेल्या प्रश्नांनी सर्वांत अधिक घात केला. खेळात निर्मात्याने लपवून ठेवलेली पहिली खूण कोणती? वहीतील उत्तर होते अटारीचा ‘ॲडव्हेंचर’. त्या काळी अटारी आपल्या कारागिरांची नावे खेळावर देत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी १९८० च्या सुमारास बाजारात आलेल्या त्या खेळात एक गुप्त खोली ठेवली, आणि डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक ठिपका उचलून नेणाऱ्यालाच तेथे रॉबिनेट यांचे नाव झळकताना दिसे. मालकाने नाव दिले नाही म्हणून कारागिराने ते मालातच विणून टाकले, ही हकीकत शंभर नंबरी खरी आहे. पण ती पहिली नव्हे. १९७८ च्या ‘व्हिडिओ व्हिझबॉल’मध्ये अशी खूण असल्याचे पुढे उघड झाले, आणि २०१७ साली अटारीच्याच १९७७ च्या ‘स्टारशिप वन’ या यंत्रात ‘हाय रॉन’ हे शब्द उमटवणारी क्लृप्ती सापडली. रॉन म्हणजे ते यंत्र घडवणारे रॉन मिलनर. चाळीस वर्षे ती कोणाला दिसली नव्हती. त्यामुळे आता माडीवर ‘पहिला’ विचारायचे असेल तर ‘आजवर ठाऊक असलेला पहिला’ असे म्हणावे लागते. ऐकायला ते कोर्टातल्या कागदासारखे लागते, पण इलाज नाही. ‘आजवर कोणीही नाही’ या उत्तराचीही तीच गत. निन्टेन्डोच्या यंत्रावरील १९८९ चा ‘टेट्रिस’ शेवटाला नेऊन अडकवणे माणसाला शक्य नाही, असे वर्षानुवर्षे मानले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकी मुलाने तो अडकवून दाखवला, आणि ती नोंदही खोडावी लागली.

खोडण्याच्या या उत्साहात एक नोंद चुकून जादा खोडली गेली. ‘ई. टी.’ हा चित्रपटावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी १९८२ मध्ये अवघ्या पाच आठवड्यांत तयार केला. तो सपाटून पडला, आणि न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील आलामोगोर्दो गावाच्या उकिरड्यात पुरला, अशी हकीकत कापडवाल्याने सांगितली होती. एवढा माल कोणी जिवंतपणी पुरतो काय, असे म्हणून चौघांनी ती दंतकथेत ढकलली. वस्तुतः सप्टेंबर १९८३ मध्ये तो माल खरोखर पुरला होता आणि २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे खोदकाम होऊन तो बाहेरही निघाला. लाखोंच्या संख्येने फक्त ‘ई. टी.’ पुरले, ही मात्र अतिशयोक्ती. ढिगाऱ्यात अटारीचे इतरही पुष्कळ खेळ होते. त्यातील ‘ई. टी.’ची एक कॅसेट पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. पाच आठवड्यांत शिवलेला अंगरखा सणाला उसवला तर दोष शिंप्याचा की तारीख ठरवणाऱ्या मालकाचा, यावर माडीवर एक शनिवार खर्ची पडला. कापडवाल्याला त्याचा गुण व्याजासह परत मिळाला. व्याजाचा दर काय असावा यावर दुसरा शनिवार गेला असता, पण अण्णांनी खालून हाक मारून दिवे बंद करायला सांगितले.

प्रश्नांच्या या धंद्यात लबाडी पकडण्याच्याही युक्त्या आहेत. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या प्रश्नकोशात कोलंबो या दूरदर्शनवरील गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप असल्याची खोटी माहिती जाणूनबुजून पेरली होती. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या प्रश्नांच्या पटखेळात तीच माहिती उत्तर म्हणून आली, तेव्हा त्याने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलर्सचा दावा ठोकला. न्यायालयात तो हरला. माहिती कोणाच्या मालकीची नसते, ती शोधून मांडण्याचे श्रम निराळे, असा त्या निकालाचा आशय. सल्लागाराने हा किस्सा सांगितला तेव्हा, आपणही एखादा खोटा प्रश्न पेरून दुसऱ्या कट्ट्यावर आपला माल चोरला जातो का ते पाहावे, असे औषधवाल्याच्या मनात आले होते. तो बेत पुढे गेला नाही. आधीच वहीत न पेरता उगवलेले इतके निघाले होते की आणखी पेरण्याची कोणाला हौस उरली नव्हती.

तपासणीनंतर वहीत एक नवा रकाना आला. प्रश्न, उत्तर, गुण आणि त्यापुढे ‘आधार’. पुस्तक असेल तर पुस्तकाचे नाव आणि पान, निर्मात्याचे स्वतःचे म्हणणे असेल तर ते कोठे व कधी. आधार नसेल तर ‘ऐकीव’ असे लिहायचे; असा प्रश्न विचारण्यास बंदी नाही, फक्त गुण निम्मा. गेल्या दिवाळीपासून कापडवाल्याची कॉलेजात जाणारी मुलगीही अधूनमधून माडीवर येऊ लागली आहे. तिने आणलेल्या पहिल्या प्रश्नाने पाचही जण गारद झाले. २०२० साली आलेला ‘राजी’ हा खेळ, ज्यात एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते, कोणत्या शहरातील कंपनीने केला? कोणी बंगळुरू म्हणाले, कोणी हैदराबाद. उत्तर होते पुणे. सांगलीहून पाच तासांच्या अंतरावरचे उत्तर न आल्याने त्या शनिवारी भडंगाचे पाच पुडे आणायचे ठरले, आणि तिने आधाराच्या रकान्यात कंपनीचे नाव, नॉडिंग हेड्स गेम्स, स्वच्छ अक्षरांत लिहिले.

भांडेवाला परतला तो तिसऱ्या शनिवारी. पाळी नसताना भडंगाचा पुडा घेऊन आला, वही मागून घेतली, नाण्यांच्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि खाली आपली सही केली. मग ‘स्पेस इन्व्हेडर्स’विषयीच एक नवा प्रश्न टाकला. शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगाने का धावतात? निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी वेग वाढवण्याची निराळी सोय केली होती काय? नव्हती. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की यंत्रावरचा भार हलका होई आणि ते आपोआप जलद चाले. निशिकादोंना ते आवडले म्हणून त्यांनी तसेच राहू दिले. गुण मिळाला, आधारासकट.

अलीकडच्या एका शनिवारी अण्णा स्वतः काठी टेकत माडीवर आले. नातू खेळत असलेला ‘पॅक-मॅन’ त्यांनी त्याला मध्येच थांबवायला लावून पडद्यावरचे दाणे मोजले होते, एकदा वरून खाली आणि एकदा उजवीकडून डावीकडे. “एका घरात दाणे किती?” त्यांनी विचारले. सल्लागार म्हणाला दोनशे चाळीस, भांडेवाला म्हणाला दोनशे चव्वेचाळीस, आणि दोघे एकमेकांकडे पाहू लागले. चार कोपऱ्यांतले चार मोठे दाणे धरायचे की नाहीत, हा वादाचा मुद्दा होता. अण्णांनी वही पुढ्यात ओढली, पेन्सिलीने मध्ये एक उभी रेघ मारली, बारीक दाण्यांचा एक रकाना केला, मोठ्यांचा दुसरा, खाली बेरीज मांडली आणि दोघांच्या खात्यावर अर्धा-अर्धा गुण लिहायला सांगितला.